ओहोटीचा नमुना

रविवारी बाजार बंद, म्हणून आम्ही रविवारी भेटतो,
वेंगुर्ल्याच्या बंदराकडे, तांडेलच्या बर्फाच्या कारखान्यात,
लाद्या काढायच्या खोलीशेजारी, जिथे मे महिन्यातही
तळपायांना गार लागतं आणि मोबाइलला रेंज असते.
चौघे. ब्रिटो, काजू फॅक्टरीतून रिटायर, चष्मा कपाळावर,
वहीत कंपन्यांची नावं, पुढे प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले टक्के.
पार्सेकर मास्तर, ज्यांनी एका कोळंबीच्या कंपनीत
स्कूटरचे पैसे घातले आणि अजून चालत येतात.
तांडेल स्वतः. आणि मी, औषधांचं दुकान, पेठेतलं तिसरं.

यंदा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, जलनिदान.
छोटी कंपनी. भाव त्रेचाळीस रुपये साठ पैसे.
गटाराचं पाणी बाटलीत घेते आणि सांगते
गावात काय येऊ घातलंय,
गावाला कळायच्या आठ-दहा दिवस आधी.
"म्हणजे गावाच्या गुवाचा पंचांग," तांडेल म्हणाला.
ब्रिटो हसला नाही. वहीतलं वाचत गेला:
कर्ज नाही. तीन नगरपालिका. चौथी आपली.
मग मास्तर, बशी खाली ठेवत,
"पण शेअर चडाक व्हयो तर
कोणाकतरी जुलाब होवक व्हये, नाय?"

कॉम्प्रेसर तेवढा बोलत राहिला.

नमुने घेते शशिप्रभा कुबल, नगरपरिषदेची कंत्राटी.
ओहोटीलाच, कारण भरतीला खाडी व्हाळात शिरते
आणि खारं पाणी आकडा पातळ करतं.
कोपरापर्यंत हातमोजे, दोरीला बांधलेला डबा,
मासळी बाजारामागच्या पुलावरून ती तो सोडते,
विहिरीत कळशी सोडावी तसा, आवाज न करता.
लोक नाक धरून जातात. ती बाटलीवर वेळ लिहिते.

एका मंगळवारी ती दुकानात आली. मागितलं काहीच नाही.
काउंटरवरच्या ओआरएसच्या डब्यात डोकावून म्हणाली, "एवढीच?"
मग, "चार खोकी मागवा. आणि नळाचं उकळून प्या."
बस. ना आकडा, ना रोगाचं नाव.

मला कळलं. बावीस वर्षं मी तरी दुसरं काय केलंय,
गल्ल्यावर बसून गावाचं पोट वाचलंय.
एका वाडीतून लागोपाठ तीन गिऱ्हाइकं आली
की कुठली विहीर ते सांगू शकतो.
फक्त मला कळतं तेव्हा ती तिघं आजारी असतात.

खोकी मागवली. मग शटर अर्धं ओढलं.
हे लिहायचं नव्हतं.
खरेदीच्या हिरव्या बटणावर बोट, आणि बोटाला
कुणाच्या तरी बिलाच्या कार्बनची निळी शाई.
दोनशे घेतले.

गुरुवारी नळाला क्लोरीनचा वास, चहातही उतरलेला.
रिक्षावर कर्णा लावून कुणी ओरडत गेलं, पाणी उकळा.
एक आठवडा. दोन.
अकरा जणांना जुलाब, अकराही चालत घरी गेले.
पेपरात ओळ नाही. न आलेल्या साथीला
मथळा तरी काय देणार?
भाव एकेचाळीस दहा.

"आपली नगरपालिका करार वाढवीत नाही म्हणे,"
ब्रिटो वही मिटून बोलला. "सभेत कुणीतरी विचारलं,
एवढा खर्च केला, आणि साथ तर आलीच नाही."
तांडेल टोच्याने लादी फोडत होता.
मास्तर माझ्याकडे पाहत होते, निदान मला तसं वाटलं.
मी दोनशेचं सांगितलं. तारीख नाही सांगितली.

साडेतीन खोकी माळ्यावर आहेत, संत्र्याच्या चवीची,
मुदत मार्चपर्यंत. कंपनी परत घेत नाही.

काल दुकान बंद करून पुलावरून गेलो.
पाणी उतरलं होतं. शशिप्रभा दोरी गुंडाळत होती.
"महिनाअखेरपर्यंत आहे अजून," ती म्हणाली,
आणि पेन सापडेपर्यंत
भरलेली बाटली माझ्या हातात दिली.
कोमट होती.